मळखाऊ रंगाचं जाकीट

आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई गेली तीन वर्षं माझ्या मागे लागल्या आहेत. "पुढाऱ्यांचे कपडे तुम्ही ठरवता ना? मग लिहा की गमतीजमती. लोक हसतील." मी दर वर्षी नाही म्हणायचो आणि धंद्याचं कारण पुढे करायचो. आमच्या कामात तोंड उघडणाऱ्याला दुसरं काम मिळत नाही, हे खरंच आहे. पण मला अडवत होतं ते वेगळंच. गमती लिहायला बसलो की तिसऱ्या पानावर रेहाना येणार, आणि तिथून पुढे हसण्यासारखं काही उरणार नाही, हे मला माहीत होतं. या वर्षी लिहितो आहे, कारण तिनंच परवानगी दिली आहे. एका अटीवर. ती अट शेवटी सांगतो.

आधी काम काय ते सांगायला हवं. माझ्या कार्डावर 'इमेज कन्सल्टंट' असं छापलं आहे. आई होती तोवर ती शेजारणींना सांगायची, "आमचा हेमंत मोठ्या लोकांचे कपडे काढून ठेवतो." शेजारणी चमकून बघायच्या, पण आईचं वर्णन कार्डापेक्षा बरोबर होतं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढलो. नोएडात बातम्यांच्या वाहिन्या उभ्या राहत होत्या त्या काळात एका वाहिनीत चिकटलो. बातम्या वाचणाऱ्यांना कोणतं जाकीट, कोणती साडी, हे बघायचं. तिथं कॅमेरा शिकलो. बारीक रेघांचं कापड पडद्यावर मुंग्यांसारखं वळवळतं. चरचरीत पांढरा दिव्याखाली आला की वरचा चेहरा काळवंडतो. लाल रंग कडेनं सांडल्यासारखा पसरतो. स्टुडिओत मुलाखतीला आलेल्या एका नेत्याचं जाकीट मी ऐन वेळी बदलून दिलं, ते त्यांना आवडलं, आणि मी त्या बाजूला गेलो तो तिकडचाच झालो.

लोकांना वाटतं, पुढाऱ्यांचं काय, पांढरा कुर्ता चढवला की झालं. माझ्या कपाटात अकरा पांढरे आहेत. सभेच्या पांढऱ्याला जरा नीळ लागते, म्हणजे तो उन्हात लांबूनही दिसतो. संसदेचा पांढरा साईच्या बाजूला झुकलेला हवा. भेटायला, सांत्वनाला जायचा पांढरा बिननिळीचा, बिनखळीचा, दोनदा धुतलेला, किंचित चुरगळलेला. कडक इस्त्रीचा नवा पांढरा घालून कोणाच्या मयताला गेलात, तर तो माणूस गेल्याचा तुम्हाला आनंद झाल्यासारखं दिसतं.

एका नेत्यांना एकदा दुपारी चार वाजता पक्ष बदलायचा होता. जुन्या पक्षाचा रंग सकाळपासून घालता येईना आणि नव्याचा चारच्या आत घालता येईना. पहाटेपासून फोटोवाले दारात. मी त्यांना बिस्किटी रंगाचं जाकीट दिलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तबीयत ठीक नहीं है क्या?" चारला गळ्यात नवं उपरणं पडलं, टाळ्या झाल्या. गाडीत बसल्यावर ते मला हळूच म्हणाले, "हेमंतजी, सुबह से चार बजे तक मैं किसी का नहीं था. बहुत अच्छा लगा, यार."

असे किस्से पुष्कळ आहेत. पण मला सांगायचं आहे ते या धंद्यातल्या मत्सराबद्दल.

मत्सर गवयाला गवयाचा असतो, शिंप्याला शिंप्याचा असतो, पण त्यांना दाद तरी मिळते. आमचं काम चांगलं जमलं तर ते कोणाला दिसतच नाही. लोक म्हणतात, नेताजी आज काय दिसत होते! त्यामागे कोणी होतं हे फक्त आमच्यासारख्याच दुसऱ्या कोणाला तरी कळतं, आणि त्या दुसऱ्याला ते सहन होत नाही. जेवताना घरी बातम्या चालू असायच्या. एकदा एका राज्याच्या मंत्रीणबाई खाणीतल्या अपघाताच्या जागी आलेल्या दाखवल्या. अंगावर आकाशी साडी, धुऊन धुऊन विटलेली.

"कोणी दिली असेल ही साडी?" मी म्हणालो. "निदान चाळीस वेळा धुतलीय."

माझी बायको विद्या माझ्याकडे बघत राहिली. "अहो, खाणीत माणसं गाडली गेलीत. तुम्ही साडी काय बघताय?"

माझ्या डोक्यात एवढंच होतं, की हे मला का सुचलं नाही.

साहेबांकडे मी पंधरा वर्षं आहे. साहेब म्हणजे मराठवाड्यातले एक खासदार. नाव लिहीत नाही, दिल्लीतल्या मराठी माणसांना ते कळेलच. साहेबांचा पांढरा ही माझी निर्मिती होती. दुधात निळीचं बोट बुडवून काढावं तसा तो दिसायचा. कपडे शिवायचे आमचे मास्टरजी. त्यांचं दुकान उत्तर दिल्लीत हिंदूरावच्या चढावर, त्याच नावाच्या इस्पितळाच्या अलीकडच्या गल्लीत. हा हिंदूराव कोण, हे तिथं कोणालाच ठाऊक नसतं. मी एकदा मोठ्या अभिमानानं मास्टरजींना सांगितलं, "हमारे ही लोग थे. ग्वालियर से आए थे, मराठा." मास्टरजींनी सुई दातातून काढली आणि विचारलं, "अच्छा? तो कपड़े किससे सिलवाते थे?"

रेहाना आली ती साहेबांच्या कार्यालयात संसदेतले प्रश्न तयार करण्याच्या कामावर. मूळची उदगीरची. अम्मी शाळेचे गणवेश शिवायच्या, वडील नव्हते. यूपीएससीसाठी दिल्लीत आली, मुख्य परीक्षेपर्यंत दोनदा पोचली, मग संधी संपल्या. घरच्यांशी ठरलं होतं की परीक्षा संपली की परत यायचं. मामांनी स्थळंही बघून ठेवली होती. ही नोकरी लागली म्हणून ती दिल्लीत राहू शकली. "ही नोकरी आहे तोवर मी माझी आहे," असं ती एकदा डबा खाताना हसत म्हणाली होती. म्हणजे त्या नोकरीची तिला काय किंमत होती हे मला पहिल्यापासून माहीत होतं. हे लिहून ठेवणं भाग आहे.

पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "काका, तुमचं कपाट उघडं राहिलंय."

"काका म्हणू नकोस."

"मग मामा?"

"सर म्हण."

"सर म्हटलं की मला क्लासमधले मॉक इंटरव्ह्यू आठवतात, घाम फुटतो. दादा म्हणते."

तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं, ही पहिली ठेच. मी दिल्लीत वाढलेला. माझं मराठी घरापुरतं, त्यातले निम्मे शब्द आईबरोबर गेले. मी एका कापडाला 'ग्रेइश ब्राउन' म्हणालो तर ती सहज म्हणाली, "मातकट म्हणा की." तिनं काही हिणवलं नव्हतं. पण ते 'म्हणा की' मला दिवसभर टोचत राहिलं.

त्या वर्षी साहेबांच्या मतदारसंघात कालवा फुटून एका गावची बाजारपेठ चिखलानं भरली. साहेब पाहणीला निघाले. मी नेहमीप्रमाणे मागच्या गाडीत आठ पांढरे कुर्ते ठेवायला घेतले. एक मळला की दुसरा. रेहाना शेजारच्या टेबलावर टिपणं काढत होती. ती म्हणाली, "दादा, एक बोलू? लोकांना ते कळतं."

"काय कळतं?"

"सकाळच्या फोटोत साहेबांच्या कुर्त्यावर चिखल असतो, दुपारच्या फोटोत नसतो. गावातल्या माणसाला बदलायला दुसरा शर्ट नसतो हो, त्याचा वाहून गेलाय. आमच्याकडं हसतात. म्हणतात, साहेब आले, दुकानातनं आले." तिनं पेन खाली ठेवलं. "काहीतरी मळखाऊ द्या ना त्यांना."

मळखाऊ! तीस वर्षांत मी हा शब्द ऐकला नव्हता. आई मला शाळेच्या पँटी घ्यायला सरोजिनी नगरच्या बाजारात न्यायची. मला निळी हवी असायची, आई दुकानदाराला सांगायची, "वो वाला दिखाओ," आणि माझ्याकडे वळून, "मळखाऊ घेऊ या, रोज धुवायला मला वेळ नाही." शब्द माझ्या आईचा, माझ्या घरातला, आणि त्याची मला आठवण करून देत होती ही मुलगी. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, तिनं आमच्या घरात शिरून कपाट उघडलं.

साहेब दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "हेमंतराव," ते म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतेय. घेऊन जा तिला मास्टरजींकडं."

मास्टरजींच्या दुकानात तिनं कापडाचे तागे उलगडायला लावले. एक कापड घेतलं, खाली वाकली आणि ते सरळ दुकानाच्या धुळीनं भरलेल्या पायरीवर घासलं. मग हात लांब करून उजेडात धरलं. काही दिसलं नाही. "हेच," ती म्हणाली. "अम्मी असंच बघते." वाळलेल्या ढेकळाचा तो रंग. ना तपकिरी ना राखाडी.

मास्टरजी इतके खूश झाले, की त्यांनी चष्मा काढला. "बिटिया, क्या बोलते हैं आप लोग इसको?"

"मळखाऊ."

"हम मैलखोरा बोलते हैं. मेरी अम्मा यही लेती थीं. हम छह भाई थे, नाली में खेलने वाले."

"मैलखोरा," ती म्हणाली. "मळखाऊ, मैलखोरा. एकच की!" आणि दोघं असे हसले, जशी लांबच्या नात्यातली माणसं लग्नात अचानक भेटावीत. मी हातात टेप घेऊन उभा होतो. दुकानात आम्ही तिघंच होतो. हे ध्यानात ठेवा, पुढे याला महत्त्व आहे.

साहेबांनी ते जाकीट घालून चिखलात दोन दिवस काढले. पोत्यांवर बसले, कोणाच्या तरी मोडक्या दुकानाचं शटर उचलायला हात लावला. संध्याकाळच्या फोटोत ते सकाळच्यासारखेच होते. तो फोटो महाराष्ट्रभर फिरला. लोक म्हणाले, हा आपला माणूस. मग साहेब संसदेत तेच घालायला लागले, सभेत तेच. दुसऱ्या पक्षांच्या दोन खासदारांनी तसलीच जाकिटं शिवून घेतली. मी एका कपड्याच्या दुकानात गेलो असताना विक्रेत्यानं माझ्यासमोर तेच कापड टाकलं. "सर, आजकल यही चल रहा है." मी इतकी वर्षं जमवलेला पांढरा कोणी कधी असा मागितला नव्हता.

साहेब पाहुण्यांसमोर म्हणायचे, "हा आमच्या रेहानाचा मळखाऊ!" शिपायापासून सचिवापर्यंत सगळे तो शब्द बोलायला लागले. कार्यालयात तो पहिल्यांदा तिच्याच तोंडून आला होता, म्हणून तो तिचाच झाला. मला बोलवायचे ते माप घ्यायला.

मी काय काय केलं ते सांगतो. तिनं लिहिलेल्या टिपणांत शुद्धलेखनाच्या चुका शोधल्या. सापडल्या नाहीत. मास्टरजींना एकटं गाठून सांगितलं, "अगली बार थोड़ा गहरा कर दीजिए." गडद झालं की कॅमेऱ्यात ते कॉफी सांडल्यासारखं दिसतं, हे मला ठाऊक होतं. मास्टरजी म्हणाले, "नाप मेरा, रंग बिटिया का. आप बीच में क्यूँ परेशान हैं?" घरी मी रेहानाचं नाव इतक्या वेळा घेत होतो की विद्या एकदा म्हणाली, "त्या मुलीनं तुमचं काय नेलंय?" तिनं माझं काही नेलं नव्हतं. माझ्याकडे जे नव्हतं, ते तिच्याकडे होतं.

मग जुन्या वाहिनीतल्या एका सहकाऱ्याचा फोन आला. नेते आणि त्यांच्या कपड्यांचे रंग यावर तो कार्यक्रम करत होता. "हेमंत भाई, आप से बड़ा उस्ताद कौन है?" मला कोणी उस्ताद म्हटल्याला बरेच दिवस झाले होते. मी मेट्रोनं नोएडाला गेलो. कॅमेरा नको, नाव नको, ही अट घातली. आमच्यात तशीच रीत आहे. त्याच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये चहा मागवला. मी माझे अकरा पांढरे सांगायच्या तयारीत होतो. त्याचा पहिलाच प्रश्न आला, "वो मिट्टी वाला जैकेट आपका आइडिया था?"

मी हो म्हणू शकलो असतो. पण तेवढं खोटं मी बोलत नाही, असा माझा स्वतःबद्दल समज होता. "नहीं," मी म्हणालो, "ऑफ़िस में एक लड़की है, उसका है. मराठी में एक शब्द है, मळखाऊ." तिचं श्रेय मी पहिल्यांदाच कोणासमोर दिलं, ते तिथं.

"मतलब?"

मैलखोरा हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी जन्मापासून दिल्लीत आहे, आणि मास्टरजींच्या दुकानात तो ऐकून फार दिवस झाले नव्हते. मैलखोरा म्हटलं असतं तर तो 'अच्छा, अच्छा' म्हणून पुढे गेला असता. त्याच्या आजीनंही तो वापरला असेल. त्यात बातमी नव्हती.

मी म्हणालो, "मतलब... मैल छिपाने वाला. जिसमें दाग़ हो, मगर दिखे नहीं."

त्याचा कप ओठांपाशी थांबला. "फिर से बोलना?"

मी परत बोललो. शब्दाला शब्द तेच. पहिल्या वेळी जीभ घसरली असं म्हणता येईल, दुसऱ्या वेळचं काय म्हणू?

त्याच आठवड्यात साहेबांच्या मतदारसंघातल्या एका रस्त्याच्या कामावरून विरोधकांनी ओरड सुरू केली होती. वाहिनीला आयतंच सापडलं. साहेबांचा जाकिटातला फोटो, खाली ठळक अक्षरांत 'कौन सा मैल छिपा रहे हैं सांसद?' आणि निवेदिका सांगत होती, खासदारांच्या कार्यालयातल्या सूत्रांनी कबूल केलंय की या रंगाला ते स्वतःच मैल छिपाने वाला म्हणतात. दोन दिवसांत मतदारसंघातल्या साहेबांच्या कचेरीसमोर विरोधी कार्यकर्ते साबणाच्या वड्या घेऊन आले. वड्यांचा ढीग लावला, वर धुण्याचा ब्रश ठेवला, हार घातला. तो फोटो चिखलातल्या फोटोपेक्षा जास्त फिरला.

दिल्लीत बैठक बसली. साहेब, सचिव, कार्यालयातले आम्ही चौघं-पाचजण. साहेबांच्या अंगावर कित्येक महिन्यांनी माझा पांढरा होता. ते शांतपणे म्हणाले, "हा शब्द बाहेर कोणी नेला?"

सगळ्यांनी रेहानाकडं बघितलं.

"शब्द माझा आहे साहेब," ती म्हणाली. "पण मी कोणाशी बोलले नाही. आणि त्याचा अर्थ तसा नाही."

"अर्थ मला माहितेय, पोरी. मी पण खेड्यातलाच आहे. अर्थ आता टीव्हीवाले ठरवणार." सचिवांनी खालच्या आवाजात काहीतरी म्हटलं, त्यात तिच्या नावाचा, तिच्या लोकांचा उल्लेख होता. साहेबांनी त्यांना हातानं गप्प केलं, पण खोलीत ते ऐकलं सगळ्यांनी. मीही ऐकलं.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी उठलो. साहेबांच्या बाहीवर एक दोरा लोंबत होता, तो काढला. नीट, सावकाश, चिमटीत धरून. मग परत येऊन बसलो. माझी सवयच ती, काही सुचेनासं झालं की मी कोणाच्या तरी कपड्यांवरचा दोरा काढतो.

"तुझं मराठी फार चांगलं आहे, रेहाना," साहेब शेवटी म्हणाले. "जरा जास्तच चांगलं आहे." म्हणजे काय, ते तिला कळलं. तिनं टेबलावरची टिपणं गोळा केली, एकावर एक ठेवून कडा जुळवल्या, आणि सचिवांच्या हातात दिली. महिना संपायच्या आत ती उदगीरला गेल्याचं कोणीतरी सांगितलं.

साहेब पांढऱ्यावर परत आले. "तुमचाच बरा, हेमंतराव," म्हणाले. मी त्या दिवशी घरी पेढे नेले. विद्यानं कारण विचारलं तर सांगितलं, काम वाढलंय. तिनं पेढा हातात घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि तो तसाच डब्यात परत ठेवला. मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. ते तिनं कसं ओळखलं कोणास ठाऊक.

दोन वर्षं गेली. फोन करावा असं अनेकदा मनात आलं, नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. खरं सांगायचं तर मला तेव्हाही तिचा हेवा वाटायचा. कार्यालयात नवा कोणी आला की शिपाई त्याला सांगायचा, "इथं एक मॅडम होत्या, त्यांना साहेबांच्या कपड्यांचं काय बरोबर कळायचं!" ती नसतानाही ती माझ्यापेक्षा चांगली होती.

या उन्हाळ्यात मास्टरजींकडे गेलो, तर ती तिथं बाकावर बसलेली. आता नोएडात राहते, एका कंपनीत मराठी-हिंदी अनुवादाचं काम करते. मास्टरजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून बघायला आली होती. माझे पाय पायरीवरच थांबले. तिनंच म्हटलं, "या ना, दादा."

"कशी आहेस?"

"बरी. दोन वर्षं अम्मीच्या मशीनवर गणवेश शिवले. मामांची तीन स्थळं परतवली. मग परत आले." ती हे असं सांगत होती, जसं बस चुकल्याचं सांगावं.

मी म्हणालो, "रेहाना, ती बातमी..."

"माहितेय मला."

"काय माहितेय?"

"मास्टरजींनी मैलखोरा म्हटलं तेव्हा दुकानात आपण तिघंच होतो. माझ्याकडनं बातमी गेली असती तर मी मैलखोराच म्हटलं असतं, इतका सरळ शब्द असताना 'मैल छिपाने वाला' कशाला म्हणेन? बाकी ऑफिसात त्या वाहिनीत कोणाची ओळख नव्हती. तुम्हीच तिथले." ती मोजूनमापून बोलत होती. अनुवाद तपासत असल्यासारखी. "टीव्हीवर ऐकलं तेव्हाच कळलं मला."

"मग बैठकीत बोलली का नाहीस?"

"मी तुमच्याकडं बघत होते, दादा. वाटलं, आता बोलतील." ती म्हणाली. "तुम्ही दोरा काढत होता."

मास्टरजींना मराठी कळत नाही. डोळ्यावर पट्टी, त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "क्या बात हो रही है, भई?"

"कपड़े की बात है, मास्टरजी," ती म्हणाली.

मी तिची क्षमा मागितली. तिथंच, मास्टरजींसमोर, मराठीत. तिनं मान हलवली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी म्हणालो, मी साहेबांना सांगतो. ती म्हणाली, "साहेबांना एकट्याला सांगून काय होणार? ते म्हणतील झालं गेलं, चहा घ्या." मग मी या अंकाचं सांगितलं. हे सगळं लिहू का, विचारलं. तिनं बाहेरच्या पायरीकडं बघितलं, जिच्यावर तिनं ते कापड घासलं होतं.

"लिहा. पण शब्दाचा अर्थ नीट लिहा. लोकांच्या डोक्यात आता तो टीव्हीवाला बसलाय. माझ्या अम्मीचा शब्द आहे तो."

हीच ती अट.

आमच्या अंकाच्या पहिल्या काही प्रती दर वर्षी साहेबांच्या बंगल्यावर जातात. पाडव्याच्या सकाळी साहेब त्या चाळतात. त्या दिवशी घालायचा कुर्ता मी काढून ठेवला आहे, साईच्या रंगाचा, मऊ धुतलेला. तो बहुधा मी काढून ठेवलेला शेवटचा असेल. विद्याला हा लेख आधी वाचायला दिला. तिनं वाचला, आईच्या 'मळखाऊ घेऊ या'पाशी पेन्सिलनं खूण केली आणि समासात लिहिलं: 'सासूबाई मलाही म्हणायच्या. पडद्यांचं कापड घेताना.'

तर, मळखाऊ. हिंदीत मैलखोरा. रोजच्या कामात अंगाला माती लागते, तेल सांडतं, मुलं चिखलाचे हात पुसतात. सारखं धुवायला ज्यांना वेळ नसतो, त्यांनी रोजच्या वापरासाठी निवडलेला रंग. उदगीरला गणवेश शिवणाऱ्या एका बाई कापड पायरीवर घासून तो ओळखतात. लपवणं हा त्या शब्दाचा अर्थ नाही. तो मी लावला होता.